कान्स्टाटच्या हेबामेताईंना

प्रिय हेबामेताई,

आभाराचं कार्ड मी तुम्हाला माझ्या बाळंतपणाच्या वेळीच दिलं होतं. करकोच्याचं चित्र, आत चार ओळी. जर्मन व्याकरण नवऱ्याने तपासलेलं, त्यामुळे चूक एकही नव्हती, पण मला जे म्हणायचं होतं त्यातलंही काही नव्हतं. म्हणून हे मराठीत लिहितेय. तुम्हाला वाचता येणार नाही. भेटाल तेव्हा मी वाचून सांगेन. तोवर निदान इथल्या मराठी माणसांना कळू दे की तुम्ही कोण.

हेबामे म्हणजे सुईण. पण रीतसर शिकलेली, परवाना असलेली. 2020 च्या कायद्यानुसार तर नव्याने या पेशात येणारीला विद्यापीठाची पदवी लागते. जर्मनीत कायदा असा की साधं बाळंतपण हेबामे एकटी करू शकते, डॉक्टरला मात्र तिला बोलावल्याशिवाय करता येत नाही. हे मी कराडला आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग डॉक्टर कशाला शिकतात?" आणि बाळ घरी आल्यावर हीच बाई घरी येते. पहिले दहा दिवस हवं तर रोज, पुढे बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे. पैसे आरोग्य विमा भरतो.

आमची लेक एप्रिल 2020 मध्ये झाली. आईचं तिकीट काढलेलं, डिंकाचे लाडू डब्यात भरलेले, आणि मार्चच्या शेवटी भारतातली आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. आम्ही दोघं चाकणहून श्टुटगार्टच्या कान्स्टाट भागात आलेलो, ओळखी ऑफिसपुरत्या. दवाखान्याने नवऱ्याला बाळंतपणापुरतं आत घेतलं आणि नंतर घरी पाठवलं. मी बाळाला घेऊन घरी आले तेव्हा बाळाला आंघोळ कशी घालायची हे आम्हा दोघांपैकी कुणालाही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. फुलाफुलांच्या कापडाचा घरी शिवलेला मास्क, पाठीवर सॅक. कोपरापर्यंत हात धुतलेत आणि पहिलं काम काय केलंत, तर खोलीची खिडकी सताड उघडलीत. व्हिडिओ कॉलवर आई होती. ती किंचाळलीच, "अगं, बाळंतिणीला वारं लागेल!" तुम्ही मला विचारलंत, आई काय म्हणतात? मी सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. फोनसमोर बसून ठरवलंत: पाच मिनिटं खिडकी उघडी, तोवर मी आणि बाळ पांघरुणात, दोघींच्याही डोक्याला टोपी. आई म्हणाली, चालेल. त्यानंतर रोज तुमच्या दोघींच्या वाटाघाटी चालायच्या आणि मी दुभाषी.

तुम्ही बाळाला कापडी झोळीत घालून काट्याला अडकवायचात आणि हाताने उचलून वजन बघायचात. आईला ते भाजीवाल्याच्या तराजूसारखं वाटायचं, पण आकडा वाढला की टाळ्या तीच वाजवायची. माझं दूध दाटून छाती दगड झाली, ताप चढला, तेव्हा तुम्ही फ्रीजमधलं क्वार्क फडक्यात पसरून थंडगार लावलंत. आई बघून म्हणाली, "अगं, हा तर चक्का! लावतेय काय?" पण तासाभरात मला ठणका कमी वाटला आणि कराडची तक्रार थांबली. बडीशेप, अनिस आणि कॅरवेचा चहा तुम्ही प्यायला सांगितलात तेव्हा तर तिला तुमच्यात आपलं माणूसच सापडलं. चेरीच्या बियांची पिशवी गरम करून पोट शेकायला दिलीत, तीही पसंत पडली. काजळावरून जुंपली. तुम्ही म्हणालात, डोळ्यात काहीही घालायचं नाही. शेवटी गालावर तीट, यावर तह झाला. मालिश मात्र तुम्ही आईकडून शिकून घेतलीत. फोन तेलाच्या बाटलीला टेकवलेला, तिकडे आई उशीवर हात फिरवून दाखवतेय, इकडे तुम्ही लेकीच्या पायावर.

एक दिवस मी काही कारण नसताना रडत होते. तुम्ही वजनकाटा काढलाच नाहीत. बसून राहिलात. निघताना तुमचं लक्ष दाराला लटकवलेल्या केअरवोखंच्या पाटीकडे गेलं. (श्वाबियातल्या, म्हणजे या आमच्या भागातल्या, लोकांचं हे व्रत: जिच्या दारावर पाटी, तिने त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा. सुटका नाही.) तुम्ही पाटी काढलीत, खालच्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजवलीत, दोन पावलं मागे उभं राहून काहीतरी बोललात. जिन्यात धूळ दिसली की चिठ्ठी लावणाऱ्या त्या आजींनी पुढचा महिनाभर आमची पाळी केली, आणि दाराबाहेर झाकलेल्या भांड्यात सूप ठेवायला लागल्या. आजही ठेवतात, कुणी आजारी असेल तर.

मी तुम्हाला म्हटलं होतं, हे उपकार कसे फेडू? तुम्हाला प्रश्नच कळेना. म्हणालात, हा तुझा हक्क आहे आणि हे माझं काम आहे. तेव्हा मला ते जरा कोरडं वाटलं. पण परक्या देशात सगळ्यात टोचतं ते मिंधेपण. प्रत्येक गोष्टीसाठी कुणाची तरी ओळख, कुणाची तरी विनवणी. तुम्ही आलात त्यात मेहरबानी नव्हती. कंपनीच्या बड्या साहेबाच्या बायकोकडेही तुम्ही याच सॅकसकट जायचात. या देशावर माझा जीव जडला तो तिथून.

सगळंच गोड आहे असं नाही. आडनाव ऐकून घर नाकारणारे भेटले. तुम्ही मिळण्याआधी कितीतरी हेबामेंनी जागा नाही म्हणून सांगितलं, कारण तुम्ही आहातच कमी. स्वतंत्रपणे बाळंतपणं करणाऱ्या हेबामेंना दायित्व विम्याचा हप्ता हजारो युरोंमध्ये भरावा लागतो, म्हणून कित्येकींनी ते काम सोडलं, हे तुमच्याकडूनच ऐकलं. 2023 मध्ये युनेस्कोने सुईणींच्या विद्येला मानवजातीचा वारसा ठरवलं आणि ते मागणाऱ्या देशांत जर्मनीही होता. मग आधी हप्त्याचं बघा की!

2024 पासून इथे पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. जर्मनीला आता दोन पासपोर्ट चालतात, भारताला नाही. अर्ज भरायचा की नाही यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे. लेकीला विचारलं तर ती म्हणते, मी कान्स्टाटची.

ती यंदा सप्टेंबरात शाळेत जाईल, इथल्या रिवाजाप्रमाणे खाऊने भरलेला मोठा कागदी शंकू हातात घेऊन. त्यासाठी आई येतेय. तिला तुमची ओटी भरायची आहे. तुमचं लग्न झालंय का, असं विचारायला तिने तोंड उघडलं होतं, मग स्वतःच म्हणाली, "राहू दे, आपल्याला काय करायचंय." खण तिने घेऊन ठेवलाय. नारळ मी इथे घेईन. तुम्ही फक्त यायचं, आणि नाही म्हणायचं नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची बाळंतीण