सूचना : रविवारी डेटाबेस पॅचिंगचा सराव

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी 9 वाजता रामबागेत, नेहमीच्या जागी, एसक्यूएल सर्व्हरच्या ‘ऑलवेज ऑन’ जोडीवर (मुख्य सर्व्हर म्हणजे प्रायमरी, त्याची सोबत चालणारी प्रत म्हणजे सेकंडरी) पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, लावण्याचा सराव आहे. प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातले डेटाबेस) सांभाळणाऱ्या प्रत्येकाने यावे. लॅपटॉप आणा, पोहे-जिलबी सराव संपल्यावरच.

क्रम डोक्यात ठेवून या:

- आधी बॅकअप, तोही रिस्टोअर करून पाहिलेला. फाइल दिसली म्हणजे बॅकअप झाला, असे नाही.
- ऑटोमॅटिक फेलओव्हर (सेकंडरीने आपोआप प्रायमरीची जागा घेणे) मॅन्युअलवर न्या.
- पहिला पॅच सेकंडरीवर. रीस्टार्टनंतर ती ‘सिंक्रोनाइज्ड’ (प्रायमरीशी पूर्ण जुळलेली) दिसेपर्यंत थांबा. उशीर होतोय म्हणून कोणी फोर्स्ड फेलओव्हर (जुळण्याआधीच जबरदस्तीने केलेला) करायचा नाही. त्यात डेटा जाऊ शकतो.
- मग फेलओव्हर, जुन्या प्रायमरीला पॅच, आणि ऑटोमॅटिक पुन्हा चालू. ही शेवटची पायरीच लोक हमखास विसरतात.

फेलओव्हरच्या वेळी कनेक्शन तुटतातच. ‘हाय अव्हेलेबिलिटी (सेवा सतत चालू ठेवण्याची सोय) आहे, कोणाला कळणारही नाही’ असे साहेबांना सांगू नका. ॲप्लिकेशनवाल्यांना आधी कळवा.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस सांभाळणाऱ्यांचे वेगळे बसू. त्यांचे मायनर अपडेट साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच नाव टाकावे.