वायू धरला, पण सोडवायचा कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या नव्या द्रावणांच्या बातम्या हल्ली अधूनमधून छापून येतात. किती टक्के वायू शोषला, हा आकडा त्यात ठळक असतो. अमाइन, म्हणजे असे वायू शोषणारी अमोनियाच्या कुळातली रसायने, वापरणाऱ्या युनिटवर उमेदीची वर्षे काढलेल्या मला तेवढ्याने समाधान होत नाही.

अमाइनचे द्रावण हा वायू धरते, हे जुनेच ज्ञान. त्याचे पेटंट १९३० सालचे. आपल्या माटुंग्याच्या यूडीसीटीचे (आजच्या आयसीटीचे, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचे) प्रा. एम. एम. शर्मा यांनी केंब्रिजच्या डँकवर्ट्स यांच्यासह याच शोषणक्रियेवर १९६६ साली लिहिलेला लेख या क्षेत्रात आजही पायाभूत मानतात. खरी कसोटी वायू सोडवताना लागते. मोनोइथेनॉलअमाइन या नेहमीच्या अमाइनचे ३० टक्क्यांचे द्रावण ४० अंशांच्या आसपास वायू धरते, पण तो बाहेर काढून द्रावण पुन्हा वापरायचे तर ते १२० अंशांपर्यंत तापवावे लागते. टनभर वायूमागे साधारण ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता खर्च होते. औष्णिक केंद्रात त्यासाठीची वाफ टर्बाइनच्या वाट्यातूनच काढायची, म्हणजे तेवढी वीज घटली. मिथाइलडायइथेनॉलअमाइन या दुसऱ्या अमाइनला उष्णता कमी लागते, पण ते वायू धरते फार सावकाश. म्हणून त्यात वायू झपाट्याने धरणारे पिपराझिन मिसळतात.

दुसरे असे, की प्रयोगशाळेत बहुधा सिलिंडरमधला स्वच्छ वायू वापरतात. चिमणीच्या धुरात ऑक्सिजन, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, बारीक राख असे सगळे असते. त्याने अमाइनचे विघटन होते, तापवूनही न सुटणारे क्षार साचतात, द्रावण फेसाळते, पाइप गंजतात. द्रावणाचा रंग गडद होऊ लागला की आमच्या पोटात गोळा यायचा! दोन तासांच्या प्रयोगात यातले काहीच दिसत नाही. हजार तास चालवले की दिसते.

आयआयटी मुंबईत या विषयाचे राष्ट्रीय केंद्र आहे. एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने विंध्याचलच्या औष्णिक केंद्रात रोज २० टन वायू पकडणारे संयंत्र उभारले आहे. अशा ठिकाणच्या खऱ्या धुराची एक लहानशी वाट विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी कायम राखून ठेवावी आणि द्रावण महिनोन्महिने चालवून पाहण्याइतका निधी त्यांना मिळावा. फसलेल्या चाचण्यांचे आकडेही प्रसिद्ध व्हावेत. आपल्या बातमीदारांनीही पुढच्या वेळी टनामागे उष्णता किती लागली आणि द्रावण किती तास टिकले, हे संशोधकांना जरूर विचारावे, ही विनंती.

– एक निवृत्त रासायनिक अभियंता, डोंबिवली