तरंगणारं की बुडणारं: माळकरी काकांना एका गरवणाऱ्याचं पत्र

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही बोरिवली सोडून गावी गेलात त्याला आठ महिने झाले. फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. मासे गरवायला घरी रबरी आमिषं ओतणाऱ्या आणखी कुणाला तरी तुमचं सांगणं उपयोगी पडेल.

पहिला दिवस तुमच्या लक्षात असेलच. गॅलरीत मी प्लॅस्टरच्या साच्यात गरम प्लॅस्टिसॉल, म्हणजे तेलात कालवलेली पीव्हीसी प्लॅस्टिकची भुकटी, ओतत होतो. साचा वरून कोरडा, पण आत ओल राहिलेली. त्या ओलीची वाफ झाली आणि उकळता थेंब उडून मनगटावर बसला. माझं ओरडणं ऐकून तुम्ही खालच्या मजल्यावरून धावत आलात, हात नळाखाली धरलात आणि वीस मिनिटं काढू दिला नाहीत. मग हवेतला वास घेऊन विचारलंत, "पीव्हीसी ना हे? किती तापवलंस?"

मला सांगता येईना. घरातलं पातेलं, गॅस आणि अंदाज, एवढंच होतं माझ्याकडे.

तुम्ही गोरेगावच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं पक्कडींच्या मुठींवर हेच प्लॅस्टिसॉल चढवत होतात, हे मला त्या संध्याकाळी कळलं. इतकी वर्षं जिन्यात भेटत होतो आणि कधी विचारलं नव्हतं. पुढच्याच रविवारी तुम्ही वर आलात. वेगळी शेगडी, फक्त याच कामाचं भांडं, लांबून तापमान दाखवणारं यंत्र, आणि सगळं काम गच्चीत, वाऱ्याला पाठ करून. मिश्रण आधी दुधासारखं, मग गुठळ्या धरलेलं, आणि १६५ ते १७५ अंशांच्या दरम्यान काकवीसारखं पारदर्शक होतं, हे तुम्ही ढवळत ढवळत दाखवलंत. दोनशेच्या पुढे गेलं तर पिवळं पडतं आणि त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो, तो छातीत घ्यायचा नाही. हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. कारखान्यात काय पाहिलं असेल तुम्ही, ते मी विचारलं नाही.

पण खरे आभार मानायचे आहेत ते एका उलट प्रश्नाचे. मी विचारलं होतं, "काका, प्लॅस्टिक तरंगणारं चांगलं की बुडणारं?" तुम्ही म्हणालात, "मला मासे कळत नाहीत. तू सांग, तुझा मासा पाण्यात कुठे असतो?"

सहा वर्षं गरवतोय, पण आमिष ओतताना हा विचार मी कधी केला नव्हता. दुकानात जे मिळतं तसंच करायचं, एवढंच डोक्यात. मढच्या खडकांत हेकरू तळाशी कपारीत बसतो. गोराईच्या खाडीत जिताडा तिवरांच्या सावलीला, भरतीचं पाणी मुळांत शिरलं की मधल्या पाण्यात फिरतो. मी दोन्हीकडे एकच आमिष टाकत होतो.

मग तुम्ही बिलाच्या पाठीवर हिशोब मांडलात. पीव्हीसीची भुकटी पाण्याच्या १.४ पट जड, तिला मऊ करणारं तेल ०.९८, म्हणजे पाण्याहून हलकं. दोन्ही मिळून समजा १.०५. समुद्राचं पाणी १.०२५. "आमिषाचं वजन बघू नकोस, या दोघांतला फरक बघ. खाली ओढतो तो फरकच." नुसतं प्लॅस्टिक सावकाश बुडतं ते म्हणून. शंभर ग्रॅममध्ये वीस ग्रॅम बारीक, भाजून कोरडं केलेलं मीठ घातलं की घनता १.१५ च्या आसपास जाते. ऐकायला दहा टक्के, पण पाण्याशी असलेला फरक ०.०२५ वरून ०.१२५ होतो, म्हणजे बुडवणारी ओढ पाचपट. उलट शंभर ग्रॅममध्ये दोनच ग्रॅम काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे घातले तर तेच प्लॅस्टिक ०.९४ वर येऊन तरंगतं. फायबरग्लासचं काम करणाऱ्यांकडचा तो पुडा तुम्हीच आणून दिलात, सोबत मास्क. ती पूड इतकी हलकी की श्वासाबरोबर आत जाते.

मीठ तळाशी बसतं, गोळे वर येतात. दोन्ही वेळा ओतेपर्यंत ढवळत राहायचं. माझ्या पहिल्या खेपेत शेपटीत मीठ आणि डोक्यात रबर असं झालं होतं, ते तुम्ही चिमटीत धरूनच ओळखलंत.

गच्चीवरच्या बादलीतली ती चाचणी मी विसरणार नाही. दहा लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवून तुम्ही समुद्र तयार केलात. मी सात ग्रॅमच्या जिग हेडवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळावर, आधी साधं आमिष लावून सोडलं. ते तळाला जाऊन आडवं पडलं, मेल्यासारखं. मग गोळे घातलेलं सोडलं. शिशाचं डोकं तळाला टेकलं आणि शेपूट हळूहळू वर उठून उभी राहिली, नांग्या उगारलेल्या चिंबोरीसारखी. आपण दोघंही काही बोललो नाही. जेमतेम पाऊण-एक ग्रॅमची उचल, पण खडकात गळ अडकणं त्यानेच कमी झालं. पूर्वी मढला एका ओहोटीत पाच-सहा आमिषं कालवांच्या खडकात जायची, आता एखाददुसरं जातं.

खाडीसाठी मिठाचं. शिसं न लावता, गळ आत लपवून, तिवरांच्या कडेला टाकायचं आणि नुसतं पडू द्यायचं. मीठ असल्यामुळे लांब जातं, आडवं राहून डुलत खाली उतरतं, आणि जिताडा बहुतेक वेळा ते खाली उतरत असतानाच घेतो. भांगाच्या दिवसांत, ओढ कमी असताना, हे फार सुंदर चालतं. उधाणाच्या ओढीत नाही, तेव्हा जिग हेडच लागतं. मिठाचं रबर लवकर फाटतं, हेही खरं. मला ते परवडतं.

जुलैमध्ये तुमचा हिशोब पुन्हा आठवला. एक आमिष मी बरोबर समुद्राच्या घनतेचं जमवलं होतं, मधल्या पाण्यात लटकून राहणारं. पावसात खाडीला गोडं पाणी आलं आणि ते मुकाट्याने तळाला गेलं. पाणीच हलकं झालं होतं! आता पावसाळ्याच्या डबीत जास्त गोळे घातलेलं वेगळं मिश्रण ठेवतो.

आणि हो, विकतची ती खूप ताणली जाणारी टीपीईची (रबरासारख्या दुसऱ्या प्लॅस्टिकची) आमिषं मी पीव्हीसीच्या डबीत ठेवली होती. सगळ्यांचा चिकट गोळा झाला. जात वेगळी, डबी वेगळी, हे तुम्ही सांगितलं होतं. ऐकलं नाही.

काका, एक गोष्ट मी तुमच्याशी कधी बोललो नाही. तुमच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात मासळीचा वासही नको असणारे तुम्ही, माझ्या मासेमारीसाठी चार-पाच रविवार गच्चीत उभे राहिलात. मला संकोच वाटायचा. तुम्हाला तो दिसला असावा, कारण एकदा तुम्हीच म्हणालात, "तू जाणारच आहेस. मग काम नीट कर." आणि दोन अटी घातल्यात: लहान मासा परत सोडायचा, आणि फाटलेला रबराचा तुकडा पाण्यात टाकायचा नाही. दोन्ही पाळतोय. तुकडे बरणीत साठवतो, पुन्हा वितळवून नवं आमिष ओततो. बरणीवर तुमच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे, 'मीठवालं वेगळं', ती मी बदललेली नाही.

अमेरिकेत निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ साली ॲक्रन शहरात घरीच व्हिनिलचं गांडूळ ओतलं, तिथून हा सगळा प्रकार सुरू झाला. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. तुम्हाला आवडलं असतं.

कार्तिकीहून परतताना मुंबईला उतरणार आहात असं काकू म्हणाल्या. दोन दिवस जास्त काढून या. मला नुसतं तेल वाढवून, गोळे न घालता, समुद्रात लटकणारं आमिष जमवायचं आहे, पण ते इतकं मऊ होतं की गळावर टिकत नाही. बादली गच्चीतच आहे.

काकूंना नमस्कार. कळावे.

आपला,
तिसऱ्या मजल्यावरचा