विदूषकाचे चित्र घेण्याआधी पिक ग्लास काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जुन्या बंगल्यातील सामानासोबत आधुनिक फ्रेंच चित्रकाराचे विदूषकाचे मूळ चित्र, सहीसह, विकणे आहे’ अशा मजकुराची जाहिरात सध्या सोलापुरात मोबाइलवरून फिरते आहे. तिच्यात माप नाही, माध्यम नाही, चित्राच्या पाठीचा फोटो नाही. किंमत मात्र लाखांत आहे. नुसत्या फोटोवरून चित्र खरे की खोटे हे कोणीच सांगू शकत नाही, आम्हीही सांगत नाही. पण विकली जाणारी वस्तू नेमकी काय आहे, हे घेणाऱ्याला बरेचसे स्वतः तपासता येते. त्यासाठी लागणारे मुख्य हत्यार या गावात कारखान्या-कारखान्यात पडलेले आहे.

विदूषक आणि आधुनिक फ्रेंच चित्रकला म्हटले की दोन नावे आधी येतात. पहिले जॉर्ज रुओ (१८७१–१९५८). वयाच्या चौदाव्या वर्षी ते रंगीत काचेच्या खिडक्या करणाऱ्यांकडे उमेदवारीला लागले. काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीसारखी जाड काळी रेघ त्यांच्या विदूषकांभोवती आयुष्यभर राहिली. दुसरे बर्नार ब्युफे (१९२८–१९९९). १९४८ साली, ऐन विशीत, त्यांना पॅरिसमध्ये समीक्षकांचा पुरस्कार मिळाला आणि १९५५ च्या सुमारास त्यांनी सर्कशीचा विषय हाती घेतला. ओढलेले गाल, काटेरी रेघा, पांढरा चेहरा आणि लाल नाक असलेला त्यांचा विदूषक इतका लोकप्रिय झाला की त्याच्या छापील प्रती घराघरांत लागल्या. म्हणून जुन्या घरात ब्युफेच्या सहीचा विदूषक सापडला, तर तो छापील असण्याचीच शक्यता फार मोठी. छापील असण्यात कमीपणा काहीच नाही. चांगली शिळाछाप (लिथोग्राफ, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून घेतलेली छाप) ही सुंदर वस्तू असते आणि आम्हाला ती मनापासून आवडते. पण तैलचित्र, चित्रकाराने सही केलेली शिळाछाप, प्रदर्शनाचे पोस्टर आणि कॅनव्हासवर काढलेला डिजिटल प्रिंट यांच्या किमतींत शेकडो पटींचा फरक पडतो. जाहिरातीतला ‘मूळ’ हा शब्द या चौघांनाही सर्रास लावला जातो.

आता ते हत्यार. कापडाच्या एका इंचातले उभे-आडवे धागे मोजायला आपण जी घडीची पिक ग्लास, म्हणजे छोटे भिंग, वापरतो, तीच चित्रावर ठेवा. काच नसलेल्या चित्रावर ती टेकवू नका, केसभर वर धरा. काळ्या रेघेवर पाहू नका. काळी शाई बहुधा सलग बसते आणि फसवते. पाहायचे ते गालाच्या कडेच्या करड्या छटेत आणि लाल नाकावर. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलांच्या पाकळ्यांसारखे रचलेले दिसले तर ते ऑफसेट छपाईचे काम. लग्नपत्रिका आणि कॅलेंडर असेच छापतात. असे नाक दुरून लाल दिसते, पण भिंगाखाली ते गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांचे मिश्रण निघते. शिळाछापेत त्या जागी एकच लाल शाई सपाट बसलेली असते. तिची कड दगडाच्या कणांसारखी खरबरीत असते आणि दोन रंग एकमेकांवर चढतात तिथे तिसरा रंग दिसतो. डिजिटल प्रिंटमध्ये पाकळ्या नसतात, फवारा मारल्यासारखे बारीक विखुरलेले ठिपके असतात. हात न थरथरता पाहिले तर हा फरक दोन मिनिटांत कळतो.

कॅनव्हासवरच्या डिजिटल प्रिंटने फसणारे जास्त, कारण त्यावर पारदर्शक जेलचे फटकारे मारून ब्रशचा भास निर्माण केलेला असतो. यावर उपाय आडव्या उजेडाचा. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च चित्राच्या एका कडेला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू सरकवा. खऱ्या तैलचित्रात उंचवटे चित्रातल्या रेघांबरोबर वळतात. ब्युफेची काळी रेघ तर खालच्या रंगावर चढलेली दिसते, तिला स्वतःची कड असते. जेलच्या कामात उंचवटे एकीकडे आणि रेघा दुसरीकडे जातात. रुओच्या नावावरचे चित्र या उजेडात सपाट दिसले तर मुळीच पुढे जाऊ नका. त्यांच्या नंतरच्या चित्रांत रंगाचे थर एकावर एक चढून अक्षरशः खपलीसारखे झालेले असतात.

यानंतर चित्र उलटे करा. पाठ दाखवायला नकार देणाऱ्याशी व्यवहार करू नये. लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत खाचा आणि त्यांत पातळ पाचरी आहेत का पाहा. कापड सैल पडले की त्या ठोकून ताण देतात, प्रत्येक कोपऱ्यात दोन याप्रमाणे आठ. मग टेप लावा. फ्रान्समध्ये कॅनव्हासची मापे क्रमांकाने ठरलेली आहेत. व्यक्तिचित्रांच्या मालिकेत ८ क्रमांक म्हणजे ४६ × ३८ सेंटिमीटर, १० म्हणजे ५५ × ४६, १५ म्हणजे ६५ × ५४, २० म्हणजे ७३ × ६० आणि ३० म्हणजे ९२ × ७३. चौकट नेमकी १८ × २४ किंवा २४ × ३० इंच भरली तर प्रश्न विचारायला हवा. एवढ्यावरून चित्र खोटे ठरत नाही, कारण चौकट नंतर बदललेली असू शकते. पण बदलली असेल तर कधी आणि का, हे विकणाऱ्याला सांगता आले पाहिजे.

कापड पाहण्यात सोलापूरकरांना कोणी शिकवावे असे नाही. जुन्या चांगल्या कॅनव्हासला बहुधा जवसाच्या झाडाचा धागा, म्हणजे लिनन असते. त्याचा रंग करडा-तपकिरी, धागा कमी-जास्त जाडीचा आणि मधूनमधून गाठीचा. सुती कॅनव्हास पांढरट आणि एकसारखा दिसतो. (तैलरंगातले तेलही त्याच जवसाचे. आपण ज्याची चटणी करतो, त्याच झाडाने कापडही दिले आणि रंगही.) पाठीमागचे कापड पांढरेशुभ्र, खिळ्यांऐवजी चकचकीत स्टेपल आणि चित्र म्हणे १९५५ चे, हे जुळत नाही. गॅलरीचे लेबल असेल तर त्याच्या कडेला धुळीची रेघ आहे का पाहा. जुन्या लाकडावर नवा डिंक लगेच उठून दिसतो.

कागदावरचे चित्र असेल तर ते चौकटीतून बाहेर काढूनच पाहावे. उजेडासमोर धरल्यावर आर्श किंवा रीव्ह या फ्रेंच कागदांचे जलचिन्ह दिसू शकते. समासात खाली डावीकडे ३५/१५० असा अपूर्णांक असतो, म्हणजे दीडशे प्रतींपैकी पस्तिसावी. ‘ई. ए.’ अशी अक्षरे असतील तर ती चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. सही पेन्सिलची असेल तर आडव्या उजेडात शिसे चमकते आणि कागदावर किंचित दाब दिसतो. चित्राच्या आतच छापलेली सही वेगळी, तिच्यामुळे प्रत ‘स्वाक्षरीची’ होत नाही. पोस्टरवरचा खालचा मजकूर कापून ते चित्र म्हणून विकण्याचाही प्रकार चालतो. समास तिन्ही बाजूंना रुंद आणि खालीच अरुंद असेल तर कात्री लागलेली आहे असे समजा. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च ऑनलाइन सहज मिळतो. त्याखाली कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात उजाळा देणारी रसायने आहेत आणि ती साधारण १९५० नंतर कागदात आली. १९३८ ची म्हणून दाखवलेली छाप अशी झगमगली तर ती परत करावी.

काही चाचण्या मात्र कृपया करू नका. कापसाच्या बोळ्याने ॲसिटोन किंवा स्पिरिट लावून ‘रंग सुटतो का’ पाहणे, ओल्या फडक्याने पुसणे, चमक यावी म्हणून बटाट्याची फोड किंवा खोबरेल तेल फिरवणे. खोट्या चित्राचे त्यात काही जात नाही, खरे चित्र कायमचे बिघडते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात. ब्युफेच्या चित्रासाठी त्यांचे पॅरिसमधील चित्रविक्रेते मॉरिस गार्निए यांच्या दप्तरातील नोंद, रुओसाठी जॉर्ज रुओ फाउंडेशनचे प्रमाणपत्र मागावे. प्रमाणपत्रावर चित्राचा फोटो, माप आणि माध्यम हवे. नुसते ‘अस्सल आहे’ एवढे लिहिलेला कागद कोणत्याही चित्राला चिकटवता येतो. फ्रेंच पावती असेल तर नावाआधीचे शब्द वाचा. ‘द’अप्रे’ म्हणजे त्या चित्रावरून केलेले. ‘आत्रिब्युए आ’ म्हणजे त्या चित्रकाराचे असावे असा सबळ अंदाज. ‘मानिएर द’ किंवा ‘झान्र द’ म्हणजे केवळ त्या धाटणीचे, हमी कसलीच नाही. ३ मार्च १९८१ च्या फ्रेंच आदेशाने हे अर्थ कायद्यात बांधलेले आहेत.

पैसे देताना पावतीवर चित्रकाराचे नाव, माध्यम, माप, वर्ष, प्रतीचा क्रमांक आणि ‘वर्णन चुकीचे ठरल्यास रक्कम परत’ हे वाक्य लिहून घ्या. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख मागितली जात असेल तर ती स्वीकारणेच प्राप्तिकर कायद्याला धरून नाही. घरी लावण्यासाठी घेतलेल्या चित्राबाबत ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, पण पुन्हा विकून नफा कमवायला घेतले असेल तर ते संरक्षण मिळत नाही.

यंत्रमागधारकांसाठी एक खास गोष्ट. चित्र विकत घेतले म्हणजे त्याच्या नक्कलहक्काची खरेदी झाली असे नाही. ब्युफेचा विदूषक नक्षी विणणाऱ्या जॅकार्डवर चढवून वॉल हँगिंग किंवा टॉवेल काढायचा असेल तर परवानगी लागेल. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, म्हणजे ब्युफेबाबत २०५९ अखेरपर्यंत. रुओंच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांचा भारतातला हक्क २०१८ अखेर संपला. फ्रान्समध्ये मुदत ७० वर्षांची असल्याने तिकडे तो २०२८ अखेरपर्यंत चालतो. निर्यातीचा माल याच अंतरात अडकतो.

आणि चित्र खरे निघाले, घरी आले, तर इथल्या हवेत ते जपणे हे मोठे काम आहे. आपला मे महिना कोरडा आणि ४० अंशांच्या वरचा, त्यामागोमाग जूनची दमट हवा. कोरड्या हवेत कॅनव्हासवरचा सरसाचा थर आकसतो, ओलाव्यात तो ढिला पडतो. या ओढाताणीत वरचा कडक झालेला रंग तडकतो. म्हणून पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे कॉर्कचे तुकडे लावून भिंतीपासून दोन सेंटिमीटर अंतर ठेवावे. कारखान्याला लागून घर असेल तर सुताचा भुगा रंगाच्या खडबडीत थरात अडकतो. तो फुंकून किंवा फडक्याने नव्हे, मऊ कोरड्या ब्रशने आणि फक्त रंग सुटत नसेल तिथेच काढावा. कागदावरच्या छापेमागचा हार्डबोर्ड आणि सेलोटेप आधी हटवावेत, दोन्हींनी कागद पिवळा पडून जळाल्यासारखा होतो. त्यांच्या जागी आम्लरहित पुठ्ठा, जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ वापरावी. काच आणि कागद यांत दीड-दोन मिलिमीटरची मोकळी जागा हवी, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला चिकटते.

संबंधित जाहिरातदाराला आमची विनंती आहे : समोरचा, पाठीचा, सहीचा, एका कोपऱ्याच्या पाचरींचा आणि लाल नाकावर पिक ग्लास धरून काढलेला असे पाच फोटो आणि सेंटिमीटरमध्ये माप, एवढे जाहिरातीसोबत द्यावे.

आपले,
चित्रजतन आणि चौकटकाम करणारे काही कारागीर,
सोलापूर