सकाळच्या बॅचसाठी : पोहणं सोडू नका

मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्याभरात आपल्यातले तीन-चार जण दादरच्या महात्मा गांधी तलावावर यायचे थांबलेत. कुणाच्या घरी दुःख झालंय, कुणाचं कशातच मन लागत नाही. त्यांना आग्रहाने सांगते, याच दिवसांत या. पोहायचं नसेल तर काठ धरून नुसते पाय मारा. चेहरा पाण्यात घालून सावकाश बुडबुडे सोडले की हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, शरीराची ती उपजत रीतच आहे. हे गेले त्यानंतर पहिले आठ दिवस मी एवढंच केलं. गॉगलच्या आत रडून घेतलं, कुणाला कळलंही नाही. नवव्या दिवशी ५० मीटर पार केले आणि त्या दुपारी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आधी शॉवर, डोक्याला टोपी, हे नेहमीचंच. बऱ्याच दिवसांनी येणाऱ्यांनी जीवरक्षकाच्या समोरच उतरावं. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. फारच जड वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

एकट्याने घराबाहेर पडवत नसेल तर ग्रुपवर फक्त ‘सोबत हवी’ एवढंच लिहा. आम्ही दोघी-तिघी घ्यायला येऊ.