ब्राँझची लढत

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

"आई, मला कुणी पाडलंच नाही, तरी हरले." ज्युदोच्या सेमीफायनलबद्दल फोनवर तू एवढंच बोललीस आणि रडायला लागलीस. तेव्हा मला काही सुचलं नाही. आठवडाभर ते वाक्य मनात घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

सेमीफायनल मी गॅलरीतून बघत होते. तुला तीन शिदो मिळाले, म्हणजे पंचांचे दंड, आणि तिसऱ्यावर तू बाद झालीस. दोनदा तू तिची कॉलर धरलीस आणि लगेच सोडलीस. मग मागे सरत राहिलीस, ती कधी चुकते याची वाट बघत. तुला राग येईल, पण पंचांचं चुकलं असं मला वाटत नाही. पकडच घेतली नाही तर ज्युदो कसला?

पण मला खरं लागलं ते पुढचं. मॅटवर जाण्याआधी तू पट्ट्याची गाठ दोन्ही हातांनी करकचून ओढतेस. दुसरीत होतीस तेव्हापासूनची सवय. ब्राँझच्या लढतीला तू गाठीला हातही लावला नाहीस. मान खाली, पट्टा सैल. समोरच्या मुलीने सेओइनागे, तो खांद्यावरून फेकायचा डाव, मारला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तू पाठीवर होतीस. इप्पॉन, पूर्ण गुण, लढत तिथेच संपली. ती मुलगी तुझ्याहून सरस नव्हती गं. तू मॅटवर आलीच नव्हतीस.

तुझ्या टेबलासमोर र्‍योको तामुराचा फोटो आहे ना? जपानमधल्या फुकुओकाची ज्युदोपटू, उंची जेमतेम 146 सेंटीमीटर, तुझाच 48 किलोचा गट. 1992 ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी रौप्य. मग सलग 84 लढती जिंकून 1996 ला अटलांटाच्या फायनलला पोहोचली आणि उत्तर कोरियाच्या सोळा वर्षांच्या के सुन-हुईकडून हरली. पुन्हा रौप्य. सिडनीला जाताना ती म्हणाली होती, जास्तीत जास्त सुवर्ण, कमीत कमीही सुवर्ण. तिथे जिंकली, अथेन्सलाही जिंकली. सात वेळा जगज्जेती. हे सगळं तुला पाठच आहे.

मला मात्र तिचं बीजिंग आठवतं. 2008, वय 32, घरी दोन वर्षांचा मुलगा. निवड चाचणीच्या फायनलला ती हरली होती, तरी तिलाच पाठवलं म्हणून जपानात बरीच टीका झाली. सेमीफायनलला समोर रुमानियाची अलिना दुमित्रू. दोघींपैकी कुणीच पडेना. लढत संपत आली असताना पंचांनी तामुराला शिदो दिला, आणि तेव्हाच्या नियमाने तेवढ्यावर ती हरली. तिलाही कुणी पाडलं नव्हतं, मनू. तिसऱ्या सुवर्णाचं स्वप्न तिथेच संपलं होतं. सोळा वर्षांत ऑलिंपिकमध्ये तिच्या हाती सुवर्ण किंवा रौप्याखाली काही आलं नव्हतं. आता उरलं होतं ब्राँझ. त्याच दिवशी ती पुन्हा मॅटवर आली आणि रशियाच्या मुलीला इप्पॉनने टाकून ते ब्राँझ घेऊन गेली. त्या लढतीची क्लिप शोधून बघ. सुवर्णाच्या तर तू शंभरदा बघितल्या आहेस.

पदक आणलं नाहीस म्हणून मी रागावलेली नाही. बाबाही नाहीत. पहाटे साडेचारला उठून, वजनासाठी भाकरी अर्धी करून तू काय काय केलंस ते आम्ही बघितलंय. म्हणूनच ती सैल गाठ बघवली नाही.

बाबा रविवारी येतायत, त्यांच्याबरोबर तुझा ज्युदोचा पोशाख, गी, पाठवते. उजव्या कॉलरची शिवण उसवली होती, दुहेरी दोऱ्याने घातलीय. पट्टा धुतलेला नाही, तुला चालत नाही ते माहीत आहे. डब्यात मेथीचे लाडू आहेत, मैत्रिणींनाही दे.

आणि एक विचारायचं राहिलं. कॉलर धरून तू हात सोडत होतीस, तेव्हा दोन्ही वेळा तुझा चेहरा आक्रसला होता. कोपर पुन्हा दुखतंय का? दुखत असेल तर सरांना आजच सांग. त्यांना सांगायची भीती वाटत असेल तर मला सांग, मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
आई