दादाच्या उशिरा उठण्याबद्दल

ती. आई आणि ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा, तुम्ही म्हणालात, "साडेनऊला उठतो. असा माणूस उठणार कधी आणि नोकरी शोधणार कधी?" मागून आई काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, पण तिचा आवाज भरून आला होता. मी गप्प राहिले. बोलले असते तर वाद झाला असता, आणि दादा शेजारच्याच खोलीत होता. म्हणून आज लिहायला बसले.

बाबा, हाच दादा सतरा वर्षं सकाळी सहाला घराबाहेर पडायचा. त्याला कधी कुणी उठवावं लागलं नाही. उशिरा उठतो म्हणून त्याची नोकरी गेली नाही. नोकरी गेली आणि मग काही महिन्यांनी तो उशिरा उठायला लागला. तुम्ही मागचं पुढे आणि पुढचं मागे करताय, आणि त्याचा त्रास त्याला होतोय.

त्याचं काम कसं गेलं, हे त्याने तुम्हाला कधी नीट सांगितलं नसेल. मला त्याने एका रात्री सांगितलं. आधी कंपनीच्या ऑर्डरी घटल्या. ज्या कारखान्यांना ते सुटे भाग पुरवत होते, त्यांचाच माल पडून होता, कारण तो घेणाऱ्यांनी हात आखडला होता. एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची कमाई. सगळ्यांनी एकदम खर्च थांबवला की कमाईही सगळ्यांचीच थांबते, मग कुणी कितीही मन लावून काम करत असो. तेव्हा दहा जणांना 'तात्पुरतं' थांबवलं. आठ महिन्यांनी ऑर्डरी परत आल्या, पण तोवर बिलं तपासण्याचं त्यांचं काम सॉफ्टवेअरवर गेलं होतं. परत बोलावलं दोघांनाच. मंदीने नेलेली नोकरी मंदी सरल्यावर परत येते असं आपण धरून चालतो. पण मधल्या काळात कामाची रीतच बदलली तर ती जागा उरत नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वेगळं काम शिकायचं, तेही शिकल्यावर ते मिळेलच याची खात्री नसताना, हे तुम्हा-मला वाटतं तितकं सोपं नाही.

माणूस आळशी म्हणून बेकार, हे म्हणणं मोठ्या आकड्यांपुढे तर अजिबात टिकत नाही. अमेरिकेत 1929 साली काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन जण बेकार होते. 1933 मध्ये ते पंचविसाच्या घरात गेले. 1944 मध्ये, युद्धाच्या मागणीमुळे, दोनच्याही खाली आले. चार वर्षांत तिथली लाखो माणसं एकदम आळशी झाली आणि पुढच्या अकरा वर्षांत पुन्हा कष्टाळू झाली, असं तर झालं नाही ना? माणसं बरीचशी तीच होती. काम कमी-जास्त झालं.

आता उशिरा उठण्याबद्दल. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं एक गाव आहे. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. 1930 च्या सुरुवातीला ती पूर्ण बंद पडली. पुढच्या दोन वर्षांत मारी याहोदा या मानसशास्त्रज्ञ बाईने आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला. मी तो वाचला तेव्हा मला सारखा दादा दिसत होता. गावाच्या वाचनालयात पूर्वी वर्गणी होती, ती काढून टाकली. लोकांकडे वेळच वेळ होता. तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्याने हळू चालायला लागले, मध्येच थांबायला लागले, घड्याळ वापरेनासे झाले. बायका मात्र भराभर चालायच्या, कारण त्यांच्यामागे घरची कामं होतीच. दिवसभर काय केलं ते तासातासाने लिहा म्हटल्यावर एकाने लिहिलं, "एवढ्यात दुपार होते." बाबा, मी दादाला सकाळी फोन केला की तो नेमकं हेच बोलतो, वेगळ्या शब्दांत.

नोकरीने पगार मिळतो हे सगळ्यांना दिसतं. ती दिवसाचे तुकडे पाडून देते, घराबाहेरची माणसं देते, आपण कुणाला तरी हवे आहोत हे रोज सांगते, "काय करता?" या प्रश्नाला उत्तर देते, हे ती गेल्यावरच कळतं. दादा लग्नाकार्यांना येत नाही तो या एका प्रश्नामुळे. आई, तू नातेवाइकांना "तो घरूनच काम करतो" म्हणून सांगतेस. तुझा हेतू मला कळतो. पण त्याला ते ऐकू येतं, आणि आपली परिस्थिती लपवण्यासारखी आहे एवढंच त्यातून त्याला समजतं.

मुलांवर काय होतं तेही त्या गावात दिसलं होतं. नाताळला काय हवं ते मुलांना लिहायला सांगितलं, तर कित्येकांनी लिहिलं की आईवडिलांना काम असतं तर अमुक मागितलं असतं. मागच्या महिन्यात आपल्या पिंकीने मला सांगितलं, "आत्या, मला सहलीला नाहीतरी जायचं नव्हतंच." तिला जायचं होतं. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर सहलीची यादी केलेली मी पाहिली आहे. नऊ वर्षांची मुलगी स्वतःहून मागणं बंद करते, हे मला दादाच्या उशिरा उठण्यापेक्षा कितीतरी जास्त बोचतं.

आणखी एक सांगते. गेले दोन महिने दादाने एकही अर्ज केलेला नाही. बेकारीची मोजणी जगभर साधारण अशी होते: काम नाही, काम करायला तयार आहे आणि अलीकडे कामाचा शोधही घेतला आहे, तोच बेकार. म्हणजे मोजणीच्या कागदावर दादा आता बेकारसुद्धा नाही. दमून शोध सोडलेला माणूस त्या आकड्यातून गळून जातो.

तो का दमला, यालाही कारण आहे. अमेरिकेतल्या एका प्रयोगात बनावट उमेदवारांचे एकसारखे अर्ज पाठवले होते, फरक होता तो किती महिने काम नाही एवढाच. 2013 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जितका खंड मोठा, तितकी मुलाखतीची बोलावणी कमी, आणि ही घसरण पहिल्या आठ महिन्यांतच सगळ्यात तीव्र होती. दादाला अकरा महिने झाले. त्याच्यात काही कमी आहे का, हे न बघताच त्याचा अर्ज बाजूला पडत असणार.

बाबा, नोकरी असलेल्यांवरही याची सावली पडते. आमच्या ऑफिसात रात्री आठपर्यंत थांबायला सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही, मीही नाही. या खुर्चीसाठी बाहेर किती जण उभे आहेत ते प्रत्येकाला ठाऊक असतं. चार माणसांचं काम तिघं निमूट करतात, आणि चौथी जागा कधी निघतच नाही.

आता माझी विनंती. रोज संध्याकाळी "काही झालं का?" हे विचारू नका. झालं तर तो स्वतः सांगेल. पैसे द्यायचे असतील तर पिंकीच्या समोर देऊ नका. आणि बाबा, तुमच्या ज्येष्ठ मंडळाचे हिशेब दोन वर्षं रखडलेत असं तुम्हीच म्हणत होतात. ते दादाला द्या. पण घरी आणून त्याच्यापुढे टाकू नका. मंगळवार-शुक्रवार दहा वाजता मंडळात ये, सगळे थांबलेले असतील, असं सांगा. त्याने नोकरी मिळणार नाही हे मला माहीत आहे. पण दहा वाजता कुणीतरी त्याची वाट बघत असेल.

मी महिनाअखेरीस येतेय. गाडी पहाटे सव्वापाचला पोचते. मला न्यायला बाबा तुम्ही येऊ नका, दादाला पाठवा. मी रिक्षाने येईन असं या वेळी म्हणणार नाही. स्टेशनवर त्याची वाट बघत उभी राहीन.

तुमची,
धाकटी